ब्रेकर आला की उतरायचं

अहो, गाडीचं काय करायचं, असं सगळे विचारायला लागलेत. तुम्ही जाऊन अजून दारातली चपलांची गर्दी ओसरली नाही, जलदान विधीला आलेले पाहुणे आत्ता कुठे आपापल्या गावी पोचले असतील, आणि लोकांना काळजी पडलीय तुमच्या गाडीची. माझं काय होणार असं कुणी विचारत नाही. मी निवृत्त मुख्याध्यापिका, पेन्शनवाली, तोंडाची खमकी बाई, मला काय धाड भरलीय! पण गाडी बिचारी पोरकी झाली म्हणे. शेजारच्या काकू परवा फाटकाशी उभ्या राहून तिच्याकडे बघून डोळे पुसत होत्या. मी चार पावलांवर तुळशीला पाणी घालत होते, माझ्याकडे बघून नाही पुसले त्यांनी.

आपल्या सम्यकनं तर गिऱ्हाईकसुद्धा बघितलं. पुण्यातला कुणी तरुण मुलगा आहे, जुन्या जपानी गाड्या जमवतो. येत्या रविवारी ट्रक घेऊन यायचं त्याचं ठरलं. सम्यक म्हणाला, "मम्मी, तू काही चालवत न्हाईस, मी पुण्याला. इथं उभी राहून गंजण्यापरीस ज्याला कदर हाय त्याच्याकडं गेलेली बरी." तुमचाच मुलगा, बोलतो ते पटण्यासारखं बोलतो. मी म्हटलं, "बघू." माझ्या ‘बघू’चा अर्थ तुम्हाला बरोबर कळायचा. त्याला वाटलं, आई तयार झाली.

त्या पुण्याच्या मुलाशी मी स्वतः फोनवर बोलले. फार आदबीनं बोलत होता. म्हणाला, "काकू, काही काळजी करू नका, मी तिला जिवापाड जपीन. आधी फक्त तिला अजून दोन बोटं खाली घेणार." मी विचारलं, "अजून खाली?" तर म्हणे, "हो काकू, अशा गाड्या जितक्या खाली तितक्या देखण्या दिसतात." तेव्हा मला हसू आलं हो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, "बाळा, लग्न झालंय का तुझं?" नाही म्हणाला. म्हटलं, "मग आधी मुलीला विचार, तिला चालायची सवय आहे का."

त्याला काय कळणार. ते कळायला आपल्याबरोबर जालन्याच्या रस्त्यांवर संसार करायला हवा होता.

तुम्हाला ती पहिल्यांदा दिसली ती नवीन जालन्यात, एका बियाणं कंपनीच्या ऑफिसपुढे. तेव्हा आपली मोटारसायकल होती. सम्यक टाकीवर, मी मागे, हातात भाजीची पिशवी. तुम्ही गाडी बघितली, पुढे गेलात, वळून परत आलात, पुन्हा पुढे गेलात, पुन्हा वळलात. मला वाटलं कुणाचं घर शोधताय. गडद निळी, लांबट, जमिनीला टेकायला आल्यासारखी. मी म्हटलं, "चाकात हवा नाही वाटतं हिच्या." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी कुणाच्या मयतीत हसले होते. मग रोज संध्याकाळी बदनापूरहून ऑफिस सुटलं की तुमचा रस्ता तिकडून जायला लागला. त्या कंपनीच्या साहेबाची बदली झाली, त्यानं गाडी विकायला काढली, आणि तुम्ही घरी येऊन जेवायला बसलात पण जेवला नाहीत. मला काही विचारायची गरजच उरली नव्हती.

मेकॅनिक सलीमभाई सोडले तर तिच्या कंपनीचं नाव गल्लीत कुणाला नीट घेता यायचं नाही. सगळे तिला ‘जपानी’च म्हणायचे. त्या कंपनीनं आपल्याकडचं दुकान केव्हाच आवरलं, पार्ट मिळेनासे झाले. तुमची निष्ठा मात्र सुटली नाही. तुमच्या मेहनतीनं कुठून कुठून सामान यायचं. माझ्या चांगल्या साड्यांच्या कपाटात खालच्या खणात तिचा जादा हेडलाइट आहे. परवा पांढरी साडी काढायला कपाट उघडलं तर तो तिथेच होता, माझ्या एका जुन्या सुती पातळात गुंडाळलेला. ते पातळ मी दोन वर्षं शोधत होते.

गाडी घरी आणली त्या दिवशी आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना, तुमच्या आईला, तुम्ही हाताला धरून गाडीपाशी आणलंत. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग तुमच्याकडे. म्हणाल्या, "जनमभर खालीच बसलो. आन् आता पोरानं गाडी घेतली, ती बी खालचीच? उंच जीपगाडी घ्यायची रे, लोकं मान वर करून बघतील अशी."  परतूरकडच्या आपल्या गावात त्यांना कुणाच्या दारात कुठं बसावं लागायचं, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही हसलात. म्हणालात, "माय, ही खाली बसते म्हणून तर पळते. बस तर खरं." तुम्ही त्यांना पुढे बसवून महामार्गाला नेऊन आणलंत. परत आल्यावर त्यांचे केस विस्कटलेले, पदर खांद्यावर. मी विचारलं, कशी आहे? तर म्हणाल्या, "बरी हाय. पर उतरताना दोघं लागतेत."

तुमच्या ऑफिसातले एक जण म्हणाले होते, तुम्हाला कशाला हो असली गाडी, साधी घ्यायची. तुम्ही घरी येऊन मला म्हणालात, "आपल्याला साधंच शोभतं असं ज्याला वाटतं, त्याच्या पुढून रोज एकदा तरी न्यायची." आणि नेलीत. रोज, निवृत्त होईपर्यंत. त्या माणसाचं बोलणं मी तेव्हा सोडून दिलं होतं, पण आज सांगते, तुम्ही कपड्याला इस्त्री करून, काच पुसून, त्यांच्या मोटारसायकलीच्या शेजारी ती गाडी लावायचात ना, त्याचा मला फार अभिमान वाटायचा. बोलले कधी नाही. बोलले असते तर तुम्ही अजून एक हेडलाइट आणला असता.

पण ब्रेकर!

पहिल्याच दिवशी आपल्या गल्लीच्या तोंडाशी तिचं पोट घासलं. कर्रर्र असा आवाज झाला आणि तुमचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं कुणी चाकाखाली आलं. इस्त्रीच्या शर्टानं तुम्ही रस्त्यावर आडवे झालात, खाली वाकून बघितलंत, उठलात, हात झटकलेत आणि माझ्या खिडकीपाशी येऊन फार हळू आवाजात म्हणालात, "जरा उतरतीस का?" मी उतरले. गाडी तिरकी घेऊन तुम्ही अलगद पार केलीत, आवाज नाही. मग तुम्ही आतून वाकून माझं दार उघडलंत, मी बसले. मला वाटलं, एकदाचंच आहे.

एकदाचं म्हणता म्हणता माझी निम्मी नोकरी त्या उतरण्यात गेली. माझी शाळा बदनापूरच्या अलीकडे, तुमचं ऑफिस बदनापुरात. सकाळी सोबत निघायचं, आणि ब्रेकर आला की मी उतरायचं. तुम्ही पुढे जायचं, मी चालत ब्रेकर ओलांडायचा, तुम्ही वाकून दार उघडायचं, मी बसायचं. नवरा गाडीत आणि बायको पायी. एका चहाच्या टपरीवाल्यानं शेवटी न राहवून विचारलं, "बाई, साहेबासंगं भांडण झालं का?" मी म्हटलं, "न्हाई हो, ब्रेकर आलाय." त्यानंतर तो आपली गाडी दिसली की गिऱ्हाइकांना म्हणायचा, "बगा, आता बाई उतरतेत बगा." आणि मी उतरायचे.

शाळेतल्या पोरांनी तर कमालच केली. मधल्या सुट्टीत ती एकामागे एक शर्टाला धरून गाडी-गाडी खेळायची. एकदा मी व्हरांड्यातून बघत होते. पुढचा पोरगा "ब्रेकर!" म्हणून ओरडला, सगळी गाडी थांबली, त्यातली एक मुलगी बाजूला झाली, पदर सावरल्यासारखं करून चार पावलं चालली आणि परत गाडीत शिरली. मी विचारलं, ही कोण? तर सगळी एका सुरात म्हणाली, "बाई!" संध्याकाळी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही गाडी बाजूला घेऊन पोट धरून हसलात. मला राग आला होता. आता लिहिताना हसू येतंय.

तुमच्या पुतणीच्या लग्नात नवरीला उतरवलंत. परतूरला, पांढऱ्या साडीतली नवरी, गळ्यात हार, ब्रेकरच्या अलीकडे खाली उतरून चालायला लागली. मागून येणाऱ्या बायकांना वाटलं पोरीचं मन फिरलं. तिची आई तर "अगं काय झालं" करत धावतच आली. तुम्ही खिडकीतून हात जोडून सगळ्यांना सांगताय, "काही न्हाई, काही न्हाई, ब्रेकर हाय!"

यावर उपाय नव्हता असं नाही. सगळं जालना करतं तोच उपाय होता. सलीमभाई दर खेपेला म्हणायचे, "साब, स्प्रिंगमदी बफर टाकून देतो ना. गाडी बराबर उंच होती. भाभीला किती चालवता?" आणि तुमचं उत्तर ठरलेलं. "सलीमभाई, जपानी माणसानं काही विचार करूनच ही उंची ठेवली आसंल ना? उंच केली की वळणाला तिचा पाय सुटतो." मी म्हणायचे, "त्या जपानी माणसाला बदनापूरचा रस्ता दाखवला असता कुणी, तर त्यानं ट्रॅक्टर बनवला असता." तुम्ही म्हणायचात, "तू शिकवायचं बघ, मला गाडी कळते." बफर काही पडले नाहीत.

आणि मग आपलं खरं भांडण. ते मिटलं नाही ते नाहीच.

तुमचं म्हणणं, गाडी माझ्यामुळे घासते. "डावीकडून घासून राह्यली. डावीकडं कोण बसतं?" असं तुम्ही वर मलाच विचारायचात. मी म्हणायचे, डावीकडे मी बसते, पण उजवीकडे कोण बसतं ते आधी आरशात बघा. सासऱ्यांसारखी तुमची अंगकाठी, दारातून शिरताना दार भरायचं. मी ही अशी काटकुळी. तुम्ही बसलात की गाडी उजवीकडे खाली जाताना मला ओट्यावरून दिसायची. मी किती वेळा म्हटलं, एकदा प्रयोग करू. तुम्ही खाली उतरा, सम्यक चालवेल, मी त्याच्या शेजारी बसते, मग बघू घासते का. सम्यक म्हणजे माझ्यावर गेलेला, फुंकर मारली तर उडेल असा. तुम्ही तयारच व्हायचा नाहीत. "माझी गाडी दुसऱ्याच्या हातात न्हाई," म्हणायचात. पोटच्या पोराला दुसरा म्हणणारा माणूस! मला माहीत होतं, तुम्हाला निकालाची भीती होती. मी तुम्हाला तसं तोंडावर म्हटलंही होतं आणि तुम्ही वर्तमानपत्र उघडून बसला होतात.

एक दिवस मात्र मला उतरावं लागलं नाही. नवा महामार्ग सुरू झाला तेव्हा तुम्ही म्हणालात, चल. फक्त आपण दोघं. एक ब्रेकर नाही, एक खड्डा नाही, दोन्ही बाजूंना उन्हात वाळलेली रानं. तुम्ही गाडी सोडलीत. काटा वर जायला लागला, मी सीटला घट्ट धरलं, आणि एकदम तिचा आवाज बदलला. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकलाच नव्हता. घशातून बोलणारी बाई एकदम गायला लागावी तसं काहीतरी झालं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, रस्त्याकडेच बघत म्हणालात, "ऐक." एवढंच. मी ऐकलं. तुमच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी आपल्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की ते बघायला मी शेजारी होते. परत येताना तुम्ही म्हणालात, "कंटाळा आला आसंल तुला, एकदा बी उतरली न्हाईस."

दाराचंही सांगायचं राहिलं. माझ्या बाजूचं दार बाहेरून उघडायला जड होतं, म्हणून तुम्ही आतून वाकून उघडायचात. पुढे सलीमभाईंनी ते दुरुस्त केलं. एका बोटानं उघडायला लागलं. तरी तुम्ही आतूनच उघडत राहिलात. मी ब्रेकर ओलांडून येईपर्यंत तुम्ही तसे आडवे वाकून, दार अर्धं उघडून, हात तिथेच ठेवून बसलेले असायचात. शेवटी शेवटी पोट आड यायचं, धाप लागायची, तरी. ‘आभारी आहे’ हे तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. लोकांच्या बायकांना म्हणायचात, मला नाही. मला दार उघडून द्यायचात. मी पण कधी म्हटलं नाही, की मला ते कळतं.

गेल्या वर्षी माझे गुडघे गेले आणि सगळंच उलटं झालं. ब्रेकर आला की मी दाराला हात घालायचे आणि तुम्ही म्हणायचात, "बस. बसून राहा." आणि गाडी तशीच घ्यायचात. कर्रर्र. तो आवाज आला की तुमचे डोळे क्षणभर मिटायचे. दात दुखत असताना माणूस बर्फाचं पाणी पितो तसे. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मला काही बघवेना. तिसऱ्यांदा मी म्हटलं, उतरते. तुम्ही म्हणालात, बस म्हटलं ना. मी म्हटलं, उतरते म्हटलं ना. आपण भर रस्त्यात भांडलो, मागे ट्रकवाला हॉर्न देतोय. इतकी वर्षं मी उतरायचं नाही म्हणून भांडले, आणि शेवटचं वर्ष उतरायचं म्हणून. जगात दुसऱ्या कुणाचं असं भांडण असेल का हो?

त्या दुपारी तुम्हाला दवाखान्यात नेलं, तेव्हा अँब्युलन्समध्ये मी तुमच्या पायांशी बसले होते. उंच गाडी होती, चांगली उंच, आत्याबाईंना आवडली असती. ती कशालाच थांबत नव्हती. आपल्या गल्लीच्या ब्रेकरवरून ती गेली तेव्हा माझा हात आपोआप दाराकडे गेला. तुम्ही डोळे उघडून बघितलंत. तुम्हाला दिसलं होतं का ते, एवढंच मला विचारायचं होतं. विचारायला वेळ मिळाला नाही.

तुम्ही सांगून ठेवलं होतं, राख नदीत सोडायची नाही, गावाकडे बांधावरच्या लिंबाच्या बुडाशी घालायची. काल ते केलं. तुमच्या भावानं आपली मोठी गाडी देऊ केली होती, रस्ता खराब आहे म्हणाले. मी म्हटलं, यांच्याच गाडीनं जाणार. रविवारी ती जाणारच होती, त्याआधी एकदा. सकाळी सलीमभाई आले, बॅटरी लावली, गाडी सुरू करून दिली. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "भाभी, गाडी बिलकुल ठीक हाय. बस, मालकाची सवय हाय तिला." आणि चहा न घेता गेले.

सम्यकनं पहिल्यांदा तुमच्या जागेवर बसून सीट पुढे ओढली. किती पुढे ओढली! मी राखेचं मडकं मांडीवर घेऊन माझ्या जागी बसले. गल्लीच्या तोंडाशी मी म्हटलं, थांब, उतरते. तो म्हणाला, "अगं कशाला?" मी उतरले. पुढेही उतरत राहिले. तो वैतागत होता, "मम्मी, तुझे गुडघे बघ, बसून राहा ना." पण माझे पायच ऐकत नव्हते.

गावात शिरताना शाळेपुढे तो मोठा ब्रेकर आहे ना, गावकऱ्यांनी मुरूम आणि डांबर ओतून स्वतः केलेला, ज्याला तुम्ही ‘डोंगर’ म्हणायचात, तिथवर पोचेपर्यंत माझे गुडघे पार धरले होते. दोन्ही हातांत मडकं, सीट ही एवढी खाली. मी उठायला गेले आणि उठताच येईना. उतरताना दोघं लागतात, आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी सम्यकला म्हटलं, "घे. हळू घे. तिरकी घे." आणि मडकं छातीशी धरून डोळे मिटून घेतले. तुम्ही मिटायचात तसेच. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली. मी आवाजाची वाट बघत होते. मागची उतरली. आवाज आलाच नाही.

मी म्हटलं, "थांब. मागं घे. पुन्हा ने."

"काय झालं?"

"तू मागं घे."

त्यानं मागे घेतली, पुन्हा आणली. आम्ही दोघं कान देऊन बसलो होतो. ‘डोंगर’ पार झाला, गाडी सपाटीला आली, काही म्हणजे काही घासलं नाही.

वाद मी जिंकले हो. तुमच्याच गाडीत, तुमच्याच मुलाच्या हातानं तो प्रयोग झाला. घासत होती ती तुमच्यामुळे. मी बरोबर होते, पहिल्या दिवसापासून बरोबर होते. आणि सांगायचं कुणाला? मी खाली बघितलं. तुम्हीही गाडीतच होतात की, माझ्या मांडीवर. तरी घासली नाही. एवढे कसे हलके झालात?

मी रडले. शाळा सुटली होती, पोरं खिडकीशी जमली, तरी रडले. सम्यकला काय झालं ते कळेना. मी म्हटलं, "तुझे पप्पा म्हणायचे, गाडी माझ्यामुळं घासते." त्याला समजायला थोडा वेळ लागला. आधी तो हसला, खरंच मोठ्यानं हसला, आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा ढसाढसा रडला. जलदान विधीच्या दिवशी कोरड्या डोळ्यांनी पाहुण्यांना पाणी देत फिरत होता तेव्हा मला त्याची भीती वाटत होती. काल बरं वाटलं.

लिंबाच्या बुडाशी तुम्हाला ठेवलं. त्रिशरण, पंचशील म्हटलं. आता सावली चांगली आहे तिथे. तुमचे भाऊ म्हणाले, पुढल्या पावसात शेजारी अजून एक झाड लावू. मी म्हटलं, लावा.

परत निघालो. मांडी रिकामी होती. ‘डोंगर’ आला आणि मी म्हटलं, "थांब, मी उतरते."

सम्यक माझ्याकडे बघतच राहिला. "अगं आता कशाला? आत्ताच बघितलं ना, घासत न्हाई."

"माहीत हाय मला. थांब."

दाराला धरून, दम खाऊन उतरले. त्यानं गाडी पार केली. मी चालत ब्रेकर ओलांडला, नेहमीसारखी, पदर सावरत. गाडी पुढे उभी होती. दार बंद होतं. मी दारापाशी जाऊन उभी राहिले. काचेतून सम्यक दिसत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्यानं मला बघितलं, म्हणाला, "उघडं हाय मम्मी, बस ना."

मी उभीच राहिले. म्हटलं, "आतून उघड."

त्याला कळलं नाही. पण तो वाकला. पट्टा ताणला गेला, हात पोचेना, मग अजून वाकला आणि त्यानं दार आतून उघडून धरलं.

मी बसले. पदर आत घेतला, दार लावलं. गाडी गावाबाहेर आली तेव्हा म्हटलं, "त्या पुण्याच्या पोराला फोन कर. गाडी द्यायची न्हाई."

"अगं पण चालवणार कोण? सलीमभाई फार तर सुरू करून ठेवतील. मी तर दोन महिन्यांनी एकदा येतो."

"मंग दोन महिन्यांनी एकदा उतरीन," मी म्हटलं.